समजून घ्या : धरणात पाणी किती टक्के हे कळते, पण काठ किती उरला? ‘शंकर’ पक्ष्याला विचारा!

परतीचा पाऊस थांबला की मराठवाड्यातल्या दैनिकांत एक चौकट ठरलेली असते. कोणत्या प्रकल्पात किती टक्के उपयुक्त साठा, किती प्रकल्प जोत्याखाली, किती तलाव सांडव्यावरून वाहताहेत. धाराशिव जिल्ह्यात ही चौकट बाजारभावाच्या आधी वाचली जाते. कारणही तसेच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने परंडा तालुक्यात असा पूर आला की, अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. पाण्याची ही दोन्ही टोके पाहिलेल्या जिल्ह्यात साठ्याचा आकडा महत्त्वाचा असणारच.

मात्र या चौकटीत काठाचा आकडा कधीच नसतो. पाणी आणि कोरडी जमीन यांच्यामधल्या ओल्या, चिखलाच्या, पाणकणसाने भरलेल्या पट्ट्याची नोंद कुणीच ठेवत नाही. ज्याचे हिवाळ्यातले जगणे या पट्ट्यावर अवलंबून आहे, असा चिमणीएवढा एक पाहुणा दरवर्षी आपल्याकडे येतो. त्याचे मराठी नाव ‘शंकर’. तो ओळखायचा कसा, येतो कुठून, करतो काय आणि धाराशिवच्या तलावांबद्दल काय सांगतो, हे समजून घेऊ.

शंकर म्हणजे नेमका कोणता पक्षी?

इंग्रजीत त्याला ब्लूथ्रोट म्हणतात. नराचा गळा निळा, म्हणून मराठीत शंकर; काही जण निळकंठीही म्हणतात. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ वेगळा. तो कबुतराच्या अंगाचा, विजेच्या तारांवर बसणारा नीलपंख. आपला शंकर चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १४ ते १५ सेंटिमीटर आणि वजनाला जेमतेम १५ ते २० ग्रॅम.

कार्ल लिनिअस यांनी १७५८ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्याला धोबी पक्ष्यांच्या प्रजातीत बसवले होते. नंतर बराच काळ तो कस्तुरांच्या कुळात गणला गेला. आज त्याचे स्थान माशीमार, दयाळ आणि गप्पीदास यांच्या कुळात आहे. ‘लुसिनिया स्वेसिका’ या आजच्या नावातला ‘स्वेसिका’ म्हणजे स्वीडनचा.

ओळखायचा कसा?

निळ्या गळ्याचा नर समोर आला तर प्रश्नच नाही. गळा आणि छातीवर चमकदार निळा रंग, त्याच्या मधोमध विटकरी ठिपका, खाली काळी रेघ, मग बारीक पांढरी आणि शेवटी विटकरी पट्टी. पोट मळकट पांढरे, पाठ मातकट तपकिरी. अडचण अशी की, हा पक्षी बहुतेक वेळा आपल्याकडे पाठ करून असतो आणि दिसतो तो दोन-चार सेकंदच. हिवाळ्याच्या सुरुवातीला नराचा रंगही फिका असतो. गळ्याच्या पिसांची टोके फिकट असल्याने निळ्यावर धूळ बसल्यासारखी वाटते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत रंग उजळत जातो. त्यामुळे गळ्यावर विसंबू नका. नर असो वा मादी, या खुणा पाहा :

• भुवई : डोळ्यावर ठळक, पांढुरकी, लांब पट्टी. दुर्बिणीतून पहिली नजर तिच्याकडेच जाते.

• शेपटी : टोकाला गडद, पण बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी. पक्षी उडाला किंवा त्याने शेपटी उभारली की हा रंग चमकतो. सर्वांत खात्रीची खूण हीच. पाठमोऱ्या पक्ष्यावरही ती दिसते.

• उभे राहण्याची ढब : लांबट पाय, ताठ छाती, किंचित वर उचललेली शेपटी.

मादीचा गळा पांढुरका असतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी काळ्या रेघा खाली उतरतात आणि छातीवर काळ्या फटकाऱ्यांची माळ तयार होते. काही माद्यांच्या गळ्यावर थोडा निळा किंवा विटकरी रंगही आढळतो.

गल्लत कुणाशी होते?

पाण्याकाठी दिसणाऱ्या प्रत्येक लहान तपकिरी पक्ष्याला ‘चिमणी असेल’ म्हणून सोडून दिले जाते. शंकरच्या, विशेषतः मादीच्या, नोंदी कमी होण्याचे हे एक मोठे कारण आहे. फरक रंगापेक्षा वागण्यात शोधला तर लवकर सापडतो.

गप्पीदास झुडपाच्या शेंड्यावर किंवा काठीच्या टोकावर बसतो; शंकर जमिनीवर असतो. धोबी चालतो आणि लांब शेपटी सतत वर-खाली हलवत राहतो. शंकर टुणटुण उड्या मारत पळतो, थबकतो आणि शेपटी झटक्यात उभी करतो. तीरचिमणी उघड्या रानात चालत फिरते आणि तिच्या शेपटीत विटकरी रंग नसतो. वटवट्या पाणकणसाच्या काड्यांवर चढ-उतार करतो. त्याच्या छातीवर माळ नसते.

निळ्या रंगामुळे होणारी गल्लत तर फारच सोपी. निळी पाठ असेल तर तो शंकर नव्हेच. पाण्यावर सूर मारणारा खंड्या असेल, नाहीतर झाडाच्या सावलीत बसणारा नारिंगी छातीचा निळा माशीमार. शंकरच्या पाठीवर निळ्याचा ठिपकाही नसतो.

मग गळ्यावरचा निळा रंग येतो कुठून?

या गळ्यात निळे रंगद्रव्य नाही. मधल्या ठिपक्याचा विटकरी रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो, पण निळा रंग रचनेतून तयार होतो. पिसाच्या तंतूंमध्ये केराटिन आणि हवेच्या पोकळ्या यांची स्पंजासारखी, अतिसूक्ष्म जाळी असते. या जाळीचे माप प्रकाशाच्या तरंगलांबीशी असे जुळते की, निळ्या बाजूचा प्रकाश परत फेकला जातो आणि बाकीचा खालच्या गडद थरात शोषला जातो. म्हणूनच कोन बदलला की तोच गळा कधी झळकतो, कधी काळपट दिसतो.

आपल्याला जे दिसते ते या रंगाचे अर्धेच रूप आहे. हा गळा अतिनील किरणही जोरात परावर्तित करतो. माणसाला ते दिसत नाहीत, पक्ष्यांना दिसतात. संशोधकांनी नॉर्वेत जंगलातल्या नरांवर एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही नरांच्या गळ्यावर अतिनील किरण शोषणारे सनस्क्रीन लावण्यात आले. माणसाच्या डोळ्याला फारसा फरक दिसत नव्हता, पण माद्यांना जाणवला. सनस्क्रीन लावलेल्या नरांना जोडीदार मिळवताना कमी यश आले.

येतो कुठून?

शंकरची वीण युरोपपासून सायबेरियामार्गे अलास्काच्या पश्चिम भागापर्यंत होते. भारतात लडाखच्या उंच, थंड पाणथळींजवळही तो घरटे करतो. आपल्याकडे तो सप्टेंबर-ऑक्टोबरपासून येऊ लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततो. आपल्या जिल्ह्यात त्याचे घरटे शोधण्यात अर्थ नाही. इथे तो फक्त हिवाळा काढतो.

एवढासा पक्षी जातो-येतो कोणत्या वाटेने, हे जिओलोकेटर या उपकरणाने उलगडले. एक ग्रॅमपेक्षाही कमी वजनाच्या या उपकरणात उपग्रहाशी जोडणी नसते. असते ती एक घड्याळ आणि एक प्रकाश-संवेदक. रोज उजाडले कधी, मावळले कधी, एवढेच ते टिपते. दिवस किती लांब होता यावरून अक्षांश निघतो आणि मध्यान्ह किती वाजता झाली यावरून रेखांश. पुढच्या वर्षी तोच पक्षी पुन्हा पकडला तरच माहिती हाती लागते. नॉर्वे आणि चेकियातील शंकर पक्ष्यांवर असा अभ्यास झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे पक्षी आफ्रिकेकडे न जाता आग्नेयेला वळतात आणि भारतीय उपखंडात हिवाळा घालवतात. तुम्हाला दिसलेला शंकर त्यांच्यातलाच की सायबेरियाकडचा, हे नुसते पाहून सांगता येत नाही. पण हजारो किलोमीटर उडून येतो आणि सहा महिने एखाद्या तलावाच्या कोपऱ्यावर काढतो, एवढे नक्की.

दिवसभर करतो काय?

शंकर एकटा राहणारा पक्षी आहे. थवा दिसला तर तो शंकरचा नव्हे. सकाळी ऊन कोवळे असताना आणि संध्याकाळी सूर्य कलल्यावर तो पाणकणीस, लव्हाळा किंवा बेशरमाच्या दाटीतून बाहेर येतो. ओल्या मातीवर चार उड्या, एक थांबा, पाचोळा उलटायचा, काहीतरी टिपायचे आणि शेपटी उभारून इकडेतिकडे पाहायचे. भुंगेरे, माश्या, मुंग्या, अळ्या, कोळी आणि लहान गोगलगायी हे त्याचे खाणे. जराशी चाहूल लागली की जमिनीलगत उडतो आणि दाटीत शिरतो. तिथून ‘चक् चक्’ असा कोरडा आवाज येत राहतो.

विणीच्या प्रदेशात नर उत्तम गातो, इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो. आपल्याकडे मात्र तो बहुतेक गप्पच असतो. परतण्याआधीच्या दिवसांत कधी कधी हळू आवाजातली गुणगुण ऐकू येते.

त्याला काठच का लागतो?

खाणे उघड्या चिखलावर आणि लपायची जागा गवताच्या दाटीत, या दोन गोष्टी त्याला हाकेच्या अंतरावर लागतात. त्या एकत्र मिळतात फक्त उथळ काठावर.

याचे साधे गणित आहे. समजा, तलावाच्या काठाचा उतार शंभरास एक आहे, म्हणजे शंभर मीटर आत गेल्यावर एक मीटर खोली. पाणी दहा सेंटिमीटरने उतरले की दहा मीटर रुंदीची ताजी चिखलाची पट्टी उघडी पडते. उपसा, बाष्पीभवन, आवर्तने यांमुळे डिसेंबरपासून पाणी हळूहळू मागे हटते आणि दर आठवड्याला नवी पट्टी मिळत जाते. त्या ओल्या मातीत किड्यांच्या अळ्या असतात. कीटक खाणाऱ्या पक्ष्यासाठी हे रोज वाढले जाणारे ताट आहे.

आता शेततळे घ्या. त्याच्या बाजूंचा उतार साधारण दीडास एक धरला, तर तेच दहा सेंटिमीटर पाणी उतरल्यावर उघडे पडते फक्त पंधरा सेंटिमीटर. अस्तर असेल तर तेही प्लास्टिक. ना चिखल, ना अळी, ना गवत. पाणी आहे, काठ नाही. द्राक्षबाग जगवायला शेततळे उपयोगाचे आहे यात वाद नाही. पण शेततळी वाढली म्हणजे पाणथळी वाढल्या, असा हिशेब मांडता येत नाही.

शंभर टक्के भरलेला तलावही त्याच्यासाठी लगेच कामाचा नसतो. काठचे गवत बुडालेले असते, पाणी भरावाला टेकलेले असते. दुष्काळात तलाव तळाशी गेला की उरते ती भेगाळलेली जमीन, लपायला आडोसाच नसतो. या दोन टोकांच्या मधली स्थिती शंकरला हवी असते.

धाराशिवमध्ये कुठे शोधायचा?

बालाघाटच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना वाटले गेले आहे. सीना आणि बोरी भीमेकडे जातात, तेरणा मांजरेमार्गे गोदावरीकडे. मोठा नैसर्गिक तलाव नाही. आहेत ती धरणे, साठवण तलाव, पाझर तलाव आणि बंधारे. परंडा तालुक्यातल्या सीना-कोळेगावचा फुगवटा, माकणीजवळचा निम्न तेरणा प्रकल्प, तेरजवळचे तेरणा धरण, नळदुर्गच्या वरच्या अंगाला बोरीचे पाणी अशा ठिकाणी शोध घेता येईल.

धरणाच्या भिंतीकडे जाऊ नका. तिथे पाणी खोल आणि काठ दगडी असतो. जिथे ओढा किंवा नदी तलावाला येऊन मिळते, त्या शेपटाकडच्या बाजूला जा. पाणकणसाची बेटे, मधे चिखल आणि जनावरे पाण्यावर येण्याची वाट दिसली की एका जागी अर्धा तास बसा. चालत राहिलात तर शंकर दिसणार नाही. कालव्याच्या झिरप्याने ओला राहणारा गावाजवळचा एखादा कोपराही चालतो.

उसाच्या फडाची कडही पाहा. ओलिताखालचा ऊस त्याला आडोसा देतो. मात्र गाळपाचा हंगाम नेमका त्याच्या मुक्कामातच असतो. आज उभा असलेला फड पुढच्या आठवड्यात मोकळा होतो. तेव्हा मागे राहतो तो तलावाच्या काठचा आडोसा.

काठ आक्रसतोय कशामुळे?

कारणे रोजच्या पाहण्यातली आहेत. ‘साफसफाई’ म्हणून पाणकणीस पेटवणे, सुशोभीकरणात काठाला दगडी पिचिंग आणि पायवाट करणे, तणनाशक मारणे, गाळपेऱ्यासाठी अगदी पाण्यापर्यंत नांगरणे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावांतला गाळ शेतात जातो. त्यातून साठवण वाढते आणि शेतालाही फायदा होतो. पण यंत्र सरळ काठापासून खोल उभे खोदत गेले, तर शंभरास एकचा उतार संपतो आणि त्याची जागा कड्यासारखी बाजू घेते.

कायद्याचे काय?

इथे बहुतेकांना माहीत नसलेली एक मेख आहे. २०१७ च्या पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियमांत पाणथळीची जी व्याख्या आहे, तिच्यातून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलसाठे वगळले आहेत. धाराशिवचे बहुतेक सगळे पाणी याच प्रकारातले. म्हणजे ज्या काठांवर पक्षी येतात, ते नियमांच्या भाषेत पाणथळ ठरतच नाहीत.

बांधलेले पाणी पक्ष्यांसाठी दुय्यम असते असे मात्र नाही. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० मध्ये जाहीर झाले. तेही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झालेले आहे. तिथे साठलेला गाळ, उथळ पाणी आणि गवताची बेटे यांनीच पक्ष्यांना खेचून आणले.

हा पक्षी दुर्मीळ आहे का?

नाही. जागतिक पातळीवर तो धोक्यात नसलेल्या प्रजातींमध्ये गणला जातो. म्हणूनच त्याच्याकडे लक्ष जात नाही. रोहित किंवा क्रौंच आले की बातमी होते, फोटो फिरतात. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेचा भरही बदके, बगळे, चिखल्या यांच्यावर असतो. पण बदकाला पाणी दिसले तरी तो उतरतो. शंकरला पाणी, चिखल आणि दाटी तिन्ही लागतात. म्हणून तलावाच्या एखाद्या बाजूला तो दरवर्षी दिसत होता आणि आता दिसेनासा झाला, तर पाण्याचा टक्का तोच असला तरी काठ बिघडला का, हे तपासायला हवे. तोच काठ वाहून येणारा गाळ अडवतो, शेतातून आलेले खत शोषतो आणि माशांच्या पिल्लांना आसरा देतो. म्हणजे प्रश्न एकट्या पक्ष्याचा नाही.

आपण काय करू शकतो?

• तलावाची सगळी कड एकाच वेळी साफ करू नका. ओढा येऊन मिळतो त्या बाजूचा एक तुकडा तसाच ठेवा. पाणकणीस काढायचेच असेल तर पाहुणे परतल्यावर, एप्रिलनंतर काढा, पेटवू नका.

• गाळ काढताना एका बाजूला उथळ उतार राखायला ठेकेदाराला आधीच सांगा. नंतर तो पुन्हा तयार करणे अवघड असते.

• जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. आपल्या तलावावर दिसणारे पक्षी त्या नोंदवहीत लिहून घ्यायला लावा. नियमांत पाणथळ नसलेल्या तलावाची कागदावर नोंद व्हायला एवढा मार्ग तरी हाताशी आहे.

• ई-बर्डवर तारीख आणि ठिकाणासह नोंद करा. ‘दिसला नाही’ अशा दिवसाची संपूर्ण यादीही तितकीच उपयोगी असते. फोटो काढण्यासाठी मोबाइलवर आवाज वाजवू नका आणि दाटीत घुसू नका.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा ‘पक्षीकोश’कार मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अली यांचा. चितमपल्ली आपल्या शेजारच्या सोलापूरचे. आयुष्यभर रानात राहून त्यांनी पक्ष्यांची मराठी नावे गोळा केली. त्यांचे जून २०२५ मध्ये निधन झाले. पक्षी सप्ताहात शाळेच्या मुलांना घेऊन गावच्या तलावावर जायचे ठरलेच, तर भिंतीवरून पाणी पाहून परतू नका. मागच्या बाजूला, चिखलाकडे जा. भुवई पांढरी आहे का, शेपटीच्या बुडाशी विटकरी चमकते का, ते पाहा आणि दिसला तर वहीत तारीख, वेळ, तलावाची कोणती बाजू हे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात त्याच जागी पुन्हा जा. साठ्याची टक्केवारी जलसंपदा विभाग मोजतोच. काठाची नोंद मात्र गावालाच ठेवावी लागेल.